लांब गाण्याकडून लांब कथेकडे : प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकून लिहावे कसे

काही वर्षांपूर्वी आमच्या सीमाभागातील एका ग्रामीण साहित्य संमेलनात मी कथा वाचली होती. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा बेळगावच्या आसपासच्या गावांत साधारणतः हिवाळ्यात ही संमेलने भरतात, आणि मांडवात बसलेला श्रोता शेतातले काम उरकून आलेला असला तरी ऐकण्यात मुळीच कच्चा नसतो. ती कथा मी रात्री कानाला हेडफोन लावून, पिंक फ्लॉइड या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची गाणी ऐकता ऐकता लिहिली होती. तिच्यात धुके होते, चंद्र होता, अथांग काळ होता आणि विशेषणांची तर रेलचेल होती. वाचन संपल्यावर चहाच्या वेळी एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “पाऊस लई पाडलासा की हो, पेरलासा काय ते कळंना.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या संगीतातून मी फक्त वातावरण उचलले होते आणि रचना तशीच मागे ठेवली होती. वातावरण हे ऐकणाऱ्याच्या मनात तयार होते आणि गाणे संपताच ओसरते. कागदावर उतरवताना त्याची फक्त विशेषणे उरतात. रचना मात्र मोजता येते, लिहून ठेवता येते आणि आपल्या गावच्या कथेत वापरता येते. ती कशी उचलावी, याची मला उपयोगी पडलेली रीत येथे सांगतो.

प्रोग्रेसिव्ह रॉक ही 1960 च्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः इंग्लंडमध्ये आकाराला आलेली शैली. तीन-चार मिनिटांत कडवे, धृपद, पुन्हा कडवे असे संपणारे गाणे या कलावंतांना अपुरे वाटू लागले होते, आणि लाँग प्ले तबकडीची एक बाजू त्यांना वीस-बावीस मिनिटांची सलग जागा देत होती. त्या जागेत त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतातील अनेक खंडांची बांधणी, जॅझमधील उत्स्फूर्त विस्तार आणि रॉकचा जोर एकत्र आणला. किंग क्रिम्झन या बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर 1969 मध्ये आला. पाठोपाठ यस, जेनेसिस, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर आणि थोडे मागाहून कॅनडातील रश यांनी हा विस्तार आपापल्या परीने केला. लांबी ही मराठी श्रोत्याला काही नवी नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान रंगते आणि शेवटी बुवा पुन्हा त्याच अभंगापाशी येतात. लहानपणी देवळात तासन्‌तास बसून हे ऐकलेल्या माणसाला तेवीस मिनिटांचे गाणे जड जाण्याचे कारण नाही.

ऐकण्याची पद्धत

ऐकताना लिहू नये, हा पहिला नियम. एक दीर्घ रचना निवडावी आणि ती तीनदा ऐकावी, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी काहीही न करता ऐकावे. मोबाइल उपडा ठेवावा आणि शफल बंद करावा, कारण या अल्बममधील क्रम हाच अर्धा आशय असतो. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन डाव्या बाजूला मिनिटे आणि उजव्या बाजूला घडणारी गोष्ट लिहावी: कोणते वाद्य आले, कोणते गेले, आवाज कोठे चढला, गाणे कोठे थांबले. येथे ‘उदास’, ‘गूढ’ असे शब्द लिहिण्यास सक्त मनाई आहे. तिसऱ्या दिवशी फक्त सांधे ऐकावेत, म्हणजे एका खंडातून दुसऱ्या खंडात रचना कशी जाते ते. ती विरत जाते, तुटते, की आधीच्या भागातले एखादे वाद्य पुढच्या भागात हात धरून नेते? मराठी कथाकारांची, माझ्यासह, सर्वांत कच्ची जागा हीच असते. प्रसंग चांगले लिहिलेले असतात, पण एकातून दुसऱ्यात जाताना ‘काही दिवसांनी’ असे लिहून आपण सुटका करून घेतो.

सांध्यांबद्दल एक आठवण सांगितली पाहिजे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत रिकाम्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकाने होती. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची असे. जेथ्रो टलचा 1972 चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ हा अल्बम म्हणजे सुमारे 44 मिनिटांचे एकच गाणे. तबकडीला दोन बाजू असल्यामुळे त्याचे मधोमध दोन तुकडे करावे लागले होते. माझ्या कॅसेटवर ते एकाच बाजूत बसले, आणि मध्येच सूर विरून पुन्हा उगवतो ती जागा मला कित्येक वर्षे रचनेतील सर्वांत सुंदर जागा वाटत होती. तबकडी उलटण्याच्या गरजेतून ती जागा निर्माण झाली, हे कळल्यावरही तिची गोडी कमी झाली नाही. नियतकालिकाच्या शब्दमर्यादेमुळे कथा दोन अंकांत विभागावी लागली, तर मी आता कुरकुर करत नाही. तो तुकडा नेमका कोठे पाडायचा याचा विचार करतो.

एक स्वर आणि दुसरे गेट

सुरुवातीला पिंक फ्लॉइडच्या 1971 मधील ‘मेडल’ या अल्बममधील ‘एकोज’ ही साडेतेवीस मिनिटांची रचना घ्यावी, कारण तिचे सांधे उघडे दिसतात. आरंभी पियानोचा एकच उंच स्वर येतो. तो फिरत्या स्पीकरमधून काढलेला असल्यामुळे विहिरीत थेंब पडल्यासारखा वाटतो. तो पुन्हा पुन्हा येतो आणि मधली शांतता तशीच राहू दिली जाते. मग हळूहळू बाकीची वाद्ये जमतात आणि दोन आवाज एकत्र गातात. सातव्या मिनिटाच्या सुमारास गाणे बाजूला राहून ठेक्यावर तोललेले जोरकस वादन सुरू होते. अकरा मिनिटांनंतर तेही विरते आणि वारा, कावळ्यांसारखा कलकलाट आणि गिटारच्या किंकाळ्या एवढेच उरते. या किंकाळ्या गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांनी वा-वा पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज पायाने बदलण्याच्या साधनाची, जोडणी उलटी करून काढल्या होत्या. जे साधन जसे वापरू नये तसे वापरून मिळालेला हा आवाज आहे, याची लेखकाने नोंद घ्यावी. पंधराव्या मिनिटाच्या आसपास तो पहिला स्वर परत येतो. स्वर तोच असतो, पण तोवर आपण त्या वाऱ्यातून आलेले असतो, म्हणून तो निराळा ऐकू येतो. त्यानंतर सगळे पुन्हा उभे राहते आणि शेवटचे कडवे गायले जाते.

हे वेळापत्रक मी एका कथेला जसेच्या तसे लावून पाहिले. टिळकवाडीत रेल्वेची पहिले, दुसरे आणि तिसरे गेट ही बेळगावकरांच्या रोजच्या बोलण्यातली नावे आहेत. एक माणूस दवाखान्यात असलेल्या बहिणीला डबा घेऊन निघाला आहे आणि दुसऱ्या गेटला अडकतो. घंटेचा आवाज हा माझा पियानोचा स्वर. त्यानंतर माणसे जमू लागतात: स्कूटर, भाजीचा गाडा, शाळेची रिक्षा. दोन अनोळखी माणसे एकाच वेळी बोलू लागतात, हे कडवे. मग मालगाडी येते आणि डब्यांमागून डबे जात राहतात. हे ठेक्यावरचे वादन. गाडी संपते, पण गेट उघडत नाही, कारण उलट दिशेने दुसरी गाडी येणार आहे. सगळे इंजिने बंद करतात आणि त्या अकारण मिळालेल्या शांततेत त्या माणसाला बहिणीबरोबर झालेले वाटणीचे भांडण आठवते. हा झाला वाऱ्याचा भाग, आणि कथेतील खरी पेरणी येथेच होते. शेवटी घंटा पुन्हा वाजते.

मांडवात वाचलेल्या त्या पहिल्या कथेत मी लिहिले होते, “धुक्याने वेढलेल्या त्या उदास संध्याकाळी काळाच्या अथांग डोहात घंटेचा गूढ नाद विरघळत होता.” नव्या कथेची सुरुवात अशी झाली: “घंटा वाजली. डबा त्याने मांडीवरून हँडलला अडकवला.” आणि शेवटाजवळ: “घंटा वाजली. डबा गार झाला होता.” दोन्ही ठिकाणी घंटेला एकही विशेषण लावलेले नाही. पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधली सात-आठ पाने तिचा अर्थ बदलण्याचे काम करतात, आणि ते काम पानांवर सोडून देण्याचे धैर्य मला ‘एकोज’ने दिले.

मात्रा मोजाव्यात

या शैलीत चारच्या ठेक्याऐवजी पाच, सात, तेरा अशा विषम मोजण्या सर्रास येतात. हे ऐकून गोंधळण्याचे कारण नाही. ज्याने रूपक ताल ऐकला आहे त्याला सात मात्रा परक्या नाहीत. पिंक फ्लॉइडच्या 1973 च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मधील ‘मनी’ हे गाणे सातमध्ये आहे, आणि त्याच्या आरंभीची नाणी, फाटणारा कागद व गल्लायंत्र यांच्या आवाजांची फीत जोडून फिरवलेली आहे. गंमत अशी की सॅक्सोफोन सातमध्येच वाजतो, पण गिटारची पाळी आली की गाणे चारमध्ये उतरते आणि एकदम मोकळे, धावते वाटू लागते. गद्यातही हे साधते. एका प्रसंगात वाक्ये मुद्दाम अडखळत, एक पाऊल कमी पडल्यासारखी लिहावीत आणि पात्राची कोंडी सुटते त्या क्षणी वाक्य सरळ, समतोल करावे. वाचकाला कारण कळत नाही, पण त्याचा श्वास मोकळा होतो.

रशची 1981 मधील ‘वायवायझेड’ ही शब्दरहित रचना लेखकाला विशेष शिकवते. टोरोंटो विमानतळाचे सांकेतिक नाव वायवायझेड. ते मोर्स लिपीत ठोकले असता जो लघु-दीर्घ क्रम येतो, तोच या रचनेच्या आरंभीचा ठेका आहे. टिंबाला एक आणि रेघेला दोन मात्रा दिल्या की सात, सात आणि सहा मिळून वीस होतात. सांबरा विमानतळाचे आयएक्सजी याच रीतीने मोजल्यास तेरा मात्रा भरतात, हे हौशी माणसाने ताडून पाहावे. पण आपल्याला मोर्सची गरजच नाही, कारण लघु-गुरूची मोजणी आपल्या छंदशास्त्रात तयार आहे. खानापूर म्हणजे तीन गुरू आणि एक लघू, एकूण सात. म्हणजे ‘मनी’ची आणि रूपकाची मोजणी खानापूरच्या नावातच आहे. निपाणी, चिकोडी आणि कडोली यांचा क्रम लघू-गुरू-गुरू, प्रत्येकी पाच मात्रा. हुक्केरीत जोडाक्षरामुळे पहिले अक्षरही गुरू होते, म्हणून तीन गुरू, सहा मात्रा. कथा ज्या गावात घडते त्या गावाच्या नावाचा हा क्रम घ्यावा आणि पहिल्या परिच्छेदातील वाक्यांची लांबी त्याप्रमाणे ठेवावी: खानापूरसाठी तीन लांब वाक्ये आणि मग एक आखूड. हा निव्वळ खेळ आहे, वाचकाला तो कळू नये. पण रिकाम्या पानासमोर बसलेल्या माणसाला सुरुवात करण्यास एवढी अट पुरते.

अशीच दुसरी अट किंग क्रिम्झनच्या 1981 च्या ‘डिसिप्लिन’ या अल्बममधून मिळाली. त्यात दोन गिटार निरनिराळ्या मोजणीत चालू राहतात, एकमेकींपासून सरकत जातात आणि ठरावीक अंतराने पुन्हा एकत्र येतात. वडगाव-खासबाग भागात यंत्रमागांच्या गल्लीतून गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण शेजारच्या दोन घरांतील माग कधीच तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. खटाखट वेगळी होत जाते आणि एखाद्या क्षणी एकच होते. यावरून मी एका दीर्घकथेचा आराखडा केला. वडगावात मागावर काम करणारी आई आणि निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला असलेली मुलगी, अशा दोन बाजू. आईच्या भागात ठरावीक वस्तू दर तीन परिच्छेदांनी येते, मुलीच्या भागात दर चारांनी. बाराव्या परिच्छेदात दोन्ही एकत्र येतात आणि भेटीचा प्रसंग तेथेच ठेवायचा. भेट कोठे घडवावी हा प्रश्न, ज्याने मला महिनाभर छळले होते, गणिताने एका दुपारीत सुटला.

न समजणाऱ्या शब्दांचा फायदा

या गाण्यांचे इंग्रजी शब्द नीट कळत नाहीत, ही अनेकांची तक्रार असते. मला तो लाभ वाटतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या कानावर अर्थ कळण्याच्या आधीपासून कन्नड पडत असते. ठेका आधी आणि अर्थ मागाहून, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. खानापूरच्या बसमध्ये कंडक्टर दारातल्या गर्दीला “मुंद होगरी, मुंद होगरी” म्हणून पुढे ढकलतो आणि त्याच श्वासात म्हातारीकडे वळून “मावशी, तुम्ही बसा की हिकडं” म्हणतो, तेव्हा सातातून चारात उतरण्याचाच प्रकार घडतो. संवाद लिहिताना भाषा कोणत्या शब्दावर बदलते ते नेमके पकडावे, आणि तेथे ‘तो कन्नडमध्ये म्हणाला’ असे स्पष्टीकरण शक्यतो देऊ नये. प्रमाण मराठीत सगळे संवाद सारखे करून टाकणे म्हणजे सगळ्या वाद्यांना एकच सूर लावण्यासारखे आहे. शब्दांवाचून गोष्ट कशी पुढे जाते हे पाहायचे असेल, तर कॅमल या बँडचा 1975 चा ‘द स्नो गूज’ ऐकावा. पॉल गॅलिको यांच्या छोट्या कादंबरिकेवर तो आधारलेला आहे आणि त्यात गाण्याचे बोल नाहीत. मूळ कथा न वाचता तो ऐकावा, आपल्याला दिसलेली गोष्ट एका पानात लिहावी आणि मगच मूळ कथा वाचावी. दोन्हींत जो फरक पडेल, ती आपली कथा.

चित्रांवरून लिहिण्याची रीतही येथे सापडते. व्हिक्टर हार्टमान हा चित्रकार 1873 मध्ये वारला. त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनावरून त्याचा मित्र, संगीतकार मुसोर्गस्की याने 1874 मध्ये पियानोसाठी रचना केली, आणि इमर्सन लेक अँड पामर यांनी 1971 च्या अल्बममध्ये ती रॉकच्या रूपात आणली. एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या प्रेक्षकाची धून मध्ये मध्ये येते, आणि तिची मोजणी पाच-सहा अशी आलटून पालटून असल्यामुळे ती खरोखरच रेंगाळणाऱ्या माणसाच्या चालीसारखी वाटते. बेळगावच्या किल्ल्यात शिरून कमल बस्ती या जैन मंदिरापर्यंत जाणाऱ्या माणसावर असे काही लिहिता येईल. बस्ती 1204 मधील आहे वगैरे माहिती फलकावर असतेच, आपण चालीकडे लक्ष द्यावे.

लहान सरावासाठी मेलोट्रॉन आठवावा. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि तो साधारण आठ सेकंद वाजतो. पट्टी सोडली की फीत मागे जाते. कोणतेही वर्णन मोठ्याने वाचून आठ सेकंदांत संपते का, ते घड्याळ लावून पाहावे.

कोठे थांबावे

लांबीचा मोह कसा नडतो, हेही याच संगीतात दिसते. यसचा 1973 चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा अल्बम गायक जॉन अँडरसन यांना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून सुचला. श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे अशा चार प्रकारांवरून चार रचना झाल्या आणि प्रत्येकीने तबकडीची एकेक बाजू व्यापली. तळटीपेतून एवढे मोठे काम उभे राहू शकते, ही गोष्ट लेखकाला धीर देणारी आहे. पण जागा चार बाजूंची होती म्हणून आशय ताणला गेला, असे अनेकांना तेव्हाही वाटले. कीबोर्डवादक रिक वेकमन यांना हा विस्तार रुचला नाही आणि 1974 मध्ये त्यांनी बँड सोडला. याच बँडची 1972 मधील, सुमारे एकोणीस मिनिटांची ‘क्लोज टू द एज’ पाठोपाठ ऐकली की फरक कळतो. ती पक्ष्यांच्या आणि वाहत्या पाण्याच्या आवाजाने सुरू होऊन त्याच आवाजापाशी परत येते. मलप्रभा नदी ज्या कणकुंबीला उगम पावते तेथे जून-जुलैत गेलेल्या माणसाला तो आवाज ओळखीचा वाटेल, पण कथेत घालायची असेल ती कणकुंबी घालावी. इंग्लंडचे पक्षी, राजवाडे आणि परग्रह तेथेच राहू द्यावेत.

अखेरचा मसुदा संगीत पूर्णपणे बंद करून, दार लावून, मोठ्याने वाचावा, आणि नंतर ज्याने यातील एकही गाणे ऐकलेले नाही अशा माणसाला वाचून दाखवावा. संमेलनात कथेला बहुधा दहा-बारा मिनिटे मिळतात आणि वेळ संपत आली की सूत्रसंचालकाकडून चिठ्ठी येते. अशा वेळी मधले ठेक्याचे भाग गाळावेत; पहिला स्वर, वाऱ्याची जागा आणि परत येणारा स्वर यांना हात लावू नये. गेटची कथा मी वाचली तेव्हा मालगाडीचे निम्मे डबे मला असेच सोडावे लागले. चहाच्या वेळी कोणीतरी विचारले, “मग डबा पोचला काय हो तिला?” ते मी कथेत लिहिलेले नव्हते, आणि अजूनही लिहिलेले नाही.